पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून?

पत्राचा सारांश: पिंपरी-चिंचवड परिसरातल्या एका 32 वर्षांच्या भगिनींचे हे पत्र आहे. भोसरीतल्या सुमारे 120 कर्मचाऱ्यांच्या एका खासगी कंपनीत त्या लेखा विभागात चार वर्षे दोन महिने नोकरी करत आहेत आणि त्याआधी दुसऱ्या कंपनीत तीन वर्षे होत्या. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा. प्रसूती रजेला जोडून घेतलेली बिनपगारी रजा तीन आठवड्यांनी संपते. त्यांच्या हातात 31,000 रुपये येतात. पती चाकणच्या कारखान्यात फिरत्या पाळीत सुपरवायझर आहेत, त्यांच्या हातात 52,000 येतात. दोघांच्या नावावरच्या गृहकर्जाचा हप्ता 23,400 आणि इतर घरखर्च 32,000. नोकरी चालू ठेवायची तर दोन्ही मुलांच्या पाळणाघराचे 13,000, स्वयंपाक-धुणीभांड्याच्या ताईंचे 4,000, जाण्यायेण्याचे 2,500 आणि किरकोळ 1,500 असे 21,000 जातात. घरी असलेल्या सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मुले पाळणाघरात ठेवणे त्यांना पसंत नाही. पती म्हणतात, ‘तुला योग्य वाटेल ते कर.’ त्या विचारतात, ‘माझ्या पगारातून जेमतेम दहा हजार उरतात. त्यासाठी तान्ह्या मुलाला दिवसभर परक्यांच्या हाती सोपवणे योग्य आहे का?’ शेवटी एक ओळ आहे: ‘महिनाअखेरीची ऑफिसातली धावपळ मला आठवते, आणि ती आठवते याचीच लाज वाटते.’

ताई,

तुम्ही हिशेब नेटका मांडला आहे, आणि बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक नाही. माझी हरकत एवढीच आहे की ज्या खात्यावर हा खर्च टाकला आहे, ते खाते तपासून पाहावे. मुले दोघांची आहेत, स्वयंपाक पाच माणसांचा होतो, भांडी सगळ्यांची असतात. तरीही पाळणाघराची आणि मदतनीस ताईंची पूर्ण रक्कम तुमच्या एकटीच्या पगारातून वजा झाली आहे. पतींचा पगार मात्र हप्ता आणि घरखर्च यांच्या रकान्यात निर्धास्त बसला आहे. ही मांडणी तुम्ही मुद्दाम केलेली नाही. बहुतेक घरांमध्ये ती आपोआप होते, आणि म्हणूनच ‘बाईचा पगार तर पाळणाघरातच जातो’ हे वाक्य इतक्या सहज बोलले जाते.

पगारांच्या प्रमाणात पाहिले तर तुमच्या घरातल्या 83,000 रुपयांत तुमचा वाटा सुमारे 37 टक्के येतो. पाळणाघर आणि मदतनीस यांचे 17,000 त्याच प्रमाणात वाटले, तर तुमच्या वाट्याला साधारण 6,300 येतात, आणि तुमचा प्रवास व किरकोळ खर्च धरूनही पगारातले वीस हजारांहून अधिक उरतात. तुम्ही लेखा विभागातल्या असल्याने लगेच म्हणाल की, रकाने बदलल्याने घराची शिल्लक बदलत नाही. ते खरेच आहे. तुम्ही नोकरी केली तर महिन्याला दहा हजार जास्त येतात आणि सोडली तर येत नाहीत, हा फरक कोणत्याही मांडणीत तेवढाच राहतो. पण आज घरात चाललेला प्रश्न ‘हिची नोकरी परवडते का’ असा आहे. रकाने दुरुस्त केले की तो ‘दोन मिळकती टिकवण्यासाठी आपण दोघांनी पुढची काही वर्षे मुलांच्या सांभाळावर किती खर्च करायचा’ असा होतो, आणि त्याचे उत्तर एकट्या तुम्ही द्यायचे कारण उरत नाही.

आता त्या दहा हजारांकडेही पाहू. तुम्ही नोकरी करत असताना सगळे खर्च भागून घरात 6,600 रुपये उरतात. तुम्ही घरी थांबलात, पाळणाघर, मदतनीस आणि प्रवास बंद झाले, तर 52,000 मधून हप्ता आणि घरखर्च वजा जाता दरमहा 3,400 कमी पडतात. ‘जेमतेम दहा हजार’ म्हणजे थोडी शिल्लक पडणारे घर आणि दर महिन्याला साठवणीतून काढणारे घर यांतले अंतर आहे. शिवाय कर्ज दोघांच्या नावावर आहे; तुम्ही राजीनामा दिल्याने बँकेच्या लेखी तुमची जबाबदारी संपत नाही.

पगारपत्रकावरची एक ओळ तुमच्या हिशेबात आलेली नाही. तुमचा मूळ पगार 18,000 च्या आसपास असेल असे गृहीत धरते. त्यावर तुमच्या आणि कंपनीच्या वाट्याचे 12-12 टक्के धरले, तर भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन योजना मिळून महिन्याला 4,300 च्या वर रक्कम जमा होते. ती हातात येत नाही म्हणून आपण ती मोजत नाही. निवृत्तिवेतनासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. पहिल्या कंपनीतला निधी तुम्ही काढून घेतला नसेल आणि ती सेवा नव्या खात्याला जोडली असेल, तर तुमची सात वर्षे आत्ताच झाली आहेत. रक्कम फार मोठी नसते, पण सात वर्षांवर पाणी सोडण्याआधी हे माहीत असलेले बरे.

याहून निकडीची बाब ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या एकरकमी रकमेची आहे. साधारणपणे सलग पाच वर्षे सेवा झाली की तिचा हक्क मिळतो आणि दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे 26 दिवस धरून, द्यावे लागते. तुमच्या मूळ पगारावर पाच वर्षांचे साधारण 52,000 रुपये होतात आणि तुमची पाच वर्षे पुरी व्हायला अवघे दहा महिने उरले आहेत. प्रसूती रजा आणि रीतसर मंजूर झालेली रजा यांनी सेवेत खंड पडत नाही. तरी बिनपगारी रजेच्या मंजुरीचा कागद मनुष्यबळ विभागाकडून मागून फायलीला लावून ठेवा. अशी पत्रे वाचताना मला नेहमी वाटते की राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी रुजू झाल्याची तारीख पाहण्याची सवय सगळ्यांनीच लावून घ्यायला हवी.

पैशांची बाजू इथे थांबवते, कारण तुमची खरी घालमेल पैशांची नाही. तुमच्या पत्रात ‘परक्यांच्या हाती’ हा शब्दप्रयोग तीनदा आला आहे. त्याच्या पोटी एक समजूत दिसते: आई घरी असली की मुलाला दिवसभर आई मिळते. ती थोडी तपासून पाहू. तुम्ही घरी थांबलात की मदतनीस ताई बंद होणार, हे तुम्हीच हिशेबात धरले आहे. मग पाच माणसांचा स्वयंपाक, धुणीभांडी, मुलीला शाळेत सोडणे-आणणे आणि सासूबाईंच्या औषधांच्या वेळा हे सगळे तुमच्याकडे येईल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ विनामोबदला घरकामात जातो असे दिसले, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. घरी असलेल्या आईचे मूल बऱ्याचदा तिच्या पदराशी असते, पण तिचे हात ओट्याशी गुंतलेले असतात. यात आईचा दोष नाही, आणि मुलाचे फार बिघडतेही असे नाही. मात्र तुम्ही नोकरीच्या बदल्यात जे मिळेल असे धरून चालला आहात, ते प्रत्यक्षात किती मिळेल, हे एकदा तासांत मांडून पाहा. मदतनीस ताई चालू ठेवून घरी थांबणे हाही एक पर्याय आहे. त्याची किंमत महिन्याला आणखी 4,000 आहे, आणि मुलांसाठी थांबायचे असेल तर ती द्यायला हवी असे माझे मत आहे.

सासूबाईंच्या विरोधाबद्दल थोडे सबुरीने घ्या. त्यांच्या मनातले पाळणाघर म्हणजे कोंदट खोली आणि रडणारी पोरे असे असेल, आणि तशी पाळणाघरे आहेतही. पण मुलांना एकत्र सांभाळण्याची कल्पना शहरी नोकरदारांच्या सोयीपुरती आपल्याकडे आलेली नाही. डहाणूजवळच्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवली, कारण आदिवासी घरांतली मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळण्यात अडकून शाळेला मुकत होती. धाकट्यांना सांभाळणारी जागा चांगली असेल तर सगळ्या घराला मोकळा श्वास मिळतो, हे त्यांनी तिथे दाखवले. सासूबाईंना बरोबर घेऊनच दोन-तीन पाळणाघरे पाहा, म्हणजे त्यांचा विरोध मुळात कशाला आहे तेही कळेल. आणि गुडघे दुखणाऱ्या बाईंवर आठ महिन्यांच्या, रांगायला लागलेल्या मुलाचा पूर्ण दिवस टाकू नका, त्या स्वतः होऊन म्हणाल्या तरीही. संध्याकाळचे दोन तास नातवंडे आणि आजी यांना पुरेसे आणि आनंदाचे असतात.

पाळणाघर पाहायला जाताना वेळ ठरवून जाऊ नका. दुपारी एकच्या सुमारास जा, तेव्हा जेवणे आणि झोपा एकदम चालू असतात आणि माणसे किती कमी पडतात ते दिसते. तान्ह्या मुलांकडे पाहणारी बाई वेगळी आहे का, ती रजेवर गेली तर कोण असते, मूल तापले तर किती वेळात कळवतात, तुमच्याशिवाय दुसरे कुणी न्यायला आले तर काय करतात, एवढे विचारा. कॅमेरे आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. कॅमेऱ्यापेक्षा तिथली बाई किती वर्षे टिकून आहे हे अधिक सांगून जाते. रुजू होण्याआधीच्या तीन आठवड्यांत मुलाला आधी तासभर, मग जेवणापर्यंत, मग झोपेसकट असे हळूहळू ठेवत जा. पहिल्या काही महिन्यांत सर्दी-ताप वरचेवर येतो. त्या दिवसांची रजा कोण घेणार हे आधीच ठरवा, नाहीतर ती नेहमी तुम्हीच घ्याल आणि तुमच्या साहेबांच्या कपाळावर पहिली आठी त्यामुळेच पडेल.

तुमच्या कंपनीबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही, म्हणून मीच सांगते. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली हे सर्वांना ठाऊक असते. पण 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिले पाहिजे, ही तरतूदही त्याच दुरुस्तीने आली. तुमच्याकडे 120 माणसे आहेत. पाळणाघर कंपनीच्या आवारातच हवे असे नाही. ठरलेल्या अंतरात, इतर कंपन्यांबरोबर मिळूनही ते चालवता येते. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज स्तनपानासाठी दिवसातून दोन वेळा सुटी घेण्याचा हक्क कायद्यात आधीपासून आहे, म्हणजे तुमच्या बाबतीत अजून सात महिने. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याबद्दल कंपनीशी बोलणी करता येतात. हा हक्क नाही, परस्परांच्या संमतीचा भाग आहे. हिशेबाच्या कामात आठवड्यातले दोन दिवस तरी घरून होण्यासारखे असतात, तेव्हा नेमके कोणते काम घरून कराल याची यादी घेऊनच साहेबांकडे जा. भांडण न करता, पण लेखी विचारा. एकटीने विचारण्यापेक्षा कंपनीतल्या आणखी दोघी-तिघी आया बरोबर असतील तर उत्तर लवकर येते.

आता पतींकडे वळते. ‘तुला योग्य वाटेल ते कर’ हे वाक्य ऐकायला समंजस वाटते, आणि ते मनापासूनही म्हणत असतील. पण त्याचा परिणाम असा होतो की नोकरी ठेवली तर मुलांच्या आजारपणाला तुम्ही जबाबदार आणि सोडली तर हप्त्याच्या ओढाताणीला तुम्ही जबाबदार. ते मात्र दोन्हीकडून मोकळे. तुमच्या साडेतीन पानांच्या पत्रात ते पैसे आणतात आणि हे एक वाक्य बोलतात, यापलीकडे त्यांचा उल्लेख नाही. मला तर त्यांची फिरती पाळी ही तुमच्या घरातली मोठी सोय वाटते. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात ते संध्याकाळच्या आत घरी येतात, म्हणजे मुलांना आणणे आणि त्यांचे खाणेपिणे त्यांच्याकडे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी घरी असतात, म्हणजे मुलीची शाळा आणि धाकट्याला दुपारी पाळणाघरात सोडणे त्यांच्याकडे. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप लागते, तेव्हा त्यांच्याकडून फक्त संध्याकाळ धरा. असे केले तर तीनपैकी दोन आठवडे धाकटा पाळणाघरात अर्धाच दिवस राहील, आणि फीबद्दलही बोलता येईल. खासगी कंपन्यांत वडिलांना मुलांसाठी रजा देण्याचा कायदा नाही, पण त्यांच्या खात्यावरची हक्काची रजा तर असेलच.

एवढे सगळे मांडूनही तुम्हाला घरीच थांबावेसे वाटू शकते, आणि तसे वाटण्यात काहीही गैर नाही. मूल लहान असतानाची वर्षे त्याच्याजवळ घालवावीत ही इच्छा कुणापुढेही सिद्ध करावी लागू नये. जानेवारी 2021 मध्ये अपघात भरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमांना आर्थिक मोल आहे असे स्पष्ट म्हटले. घरात ते मान्य व्हायला अशा निकालांपेक्षा रोजचे व्यवहार जास्त उपयोगी पडतात, म्हणून थांबायचे तर काही गोष्टी आधी ठरवून थांबा. किमान सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च बाजूला असावा. तुमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये मुले किंवा सासूबाई असतील तर राजीनाम्यानंतर त्यांचे काय, ते आधी पाहा. एका मिळकतीवर चालणाऱ्या घरात पतींचा पुरेसा मुदत विमा असायलाच हवा. नवी पॉलिसी घेणार असाल तर ती 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे ती रक्कम तुमची आणि मुलांचीच राहते, पतींना कर्ज देणारे तिच्यावर हात ठेवू शकत नाहीत; मात्र हे पॉलिसी घेतानाच नमूद करावे लागते. भविष्य निर्वाह निधी काढून घेऊ नका, तो पडून राहिला तरी व्याज मिळत राहते. दरमहा ठरलेली रक्कम तुमच्या स्वतःच्या खात्यात आली पाहिजे, आणि त्यातली थोडी तुमच्या नावच्या पीपीएफमध्ये जावी. तुम्ही मागितल्यावर मिळणारे पैसे आणि न मागता खात्यात येणारे पैसे यांचा स्वभाव वेगळा असतो, हे पाच वर्षे घरी राहिलेली कोणतीही बाई सांगेल.

पुन्हा कामावर जाण्याचा अंदाजे महिनाही ठरवून ठेवा. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते ज्या अभ्यासासाठी, त्यात एक निष्कर्ष असा आहे की आज स्त्री-पुरुषांच्या कमाईतले अंतर बऱ्याच अंशी पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडते. त्यांची आकडेवारी मुख्यतः अमेरिकेतली असली तरी आपल्याकडच्या नोकरदार बायकांना त्यात नवल वाटू नये. तुमच्या क्षेत्रात मात्र एक मधली वाट आहे. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना पूर्णवेळ अकाउंटंट परवडत नाही, पण जीएसटीची विवरणपत्रे चुकवता येत नाहीत. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेभोवती येणारे हे काम दोन-तीन ठिकाणांचे घेतले तर हात चालू राहतो. फक्त घरून काम म्हणजे मूल मांडीवर घेऊन काम असे कुणी समजू नये. त्या दिवसांत मुलाकडे दुसरे कुणीतरी हवेच.

शेवटच्या ओळीतल्या लाजेबद्दल लिहायचे राहिले. महिनाअखेरीची धावपळ आठवणे म्हणजे मुलांवर माया कमी असणे असे तुम्हाला कुणी सांगितले? तुमचे पती दोन मुलांचे वडील असून कारखान्याची आठवण काढतात, तेव्हा त्यांना लाज वाटत नसावी. तुमच्या सगळ्या पत्रात तुम्हाला स्वतःला काय आवडते हे सांगणारी ती एकच ओळ आहे, आणि तुम्ही ती माफी मागत लिहिली आहे. माझे मत विचाराल तर त्या ओळीला हिशेबात जागा द्या. तुम्ही सध्या रुजू व्हावे आणि हे दहा महिने परीक्षेचे समजावेत, असे मला वाटते. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे तेवढ्यात पूर्ण होतील, धाकटा दीड वर्षाचा होईल, पाळणाघर रुळले की नाही ते समजेल, आणि पती आपल्या पाळ्यांनुसार खरोखर वाटा उचलतात का हेही. त्यानंतर थांबावेसे वाटले तर हातात काहीतरी घेऊन थांबाल. मूल पाळणाघरात खरोखरच रुळले नाही, खाणे-झोप सुटली, वजन वाढेना, तर मात्र दहा महिन्यांची वाट पाहू नका; डॉक्टरांना दाखवा आणि बेत बदला.

ज्यांच्या पत्रातले आकडे याहून अवघड आहेत, म्हणजे पाळणाघराची फीच पगाराहून जास्त आहे किंवा जवळपास विश्वासाची जागाच नाही, त्यांना रुजू व्हा असे मी सांगणार नाही. त्यांनी एवढे मात्र पाहावे की ही स्थिती किती दिवसांची आहे. तीन वर्षांनंतर मूल अंगणवाडीत किंवा बालवाडीत जाते आणि सहाव्या वर्षी पहिलीत; खर्च दरवर्षी उतरत जातो, आणि पगार बहुधा चढत जातो.

येत्या तीन आठवड्यांतला पहिला आठवडा पाळणाघरे पाहण्यात घालवा. त्याच आठवड्यात मनुष्यबळ विभागाला पाळणाघर, स्तनपानाच्या सुट्या आणि घरून काम या तीन गोष्टी विचारणारा मेल पाठवा. पतींच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी, मुले झोपल्यावर, हा हिशेब दोघांच्या रकान्यांसह त्यांच्यापुढे ठेवा. ‘तुला योग्य वाटेल ते’ हे उत्तर आले, तर त्यांना विचारा की त्यांना स्वतःला काय योग्य वाटते आणि त्यासाठी ते आठवड्यातले कोणते तास देणार आहेत. ते तास कागदावर लिहून घ्या.